स्वरांची गाळणी आणि रागांची नावे

बंगळुरूमध्ये कर्नाटक आणि हिंदुस्थानी या दोन्ही संगीतपद्धती नांदतात. त्यामुळे कन्नड पदांचे मराठी भाषांतर करणाऱ्यास एक प्रश्न वारंवार पडतो : पदाच्या शिरोभागी असलेले रागाचे नाव तसेच ठेवावे, की त्याचा हिंदुस्थानी पर्याय द्यावा? संगीत-सॉफ्टवेअरमधील ‘फिल्टर’ या प्रश्नाच्या विचारास उपकारक ठरतो. मात्र त्याची मर्यादाही ध्यानी घ्यावयास हवी.

येथे फिल्टर म्हणजे आवाजाचा पोत बदलणारी योजना नव्हे, तर अटीनुसार स्वरसमूह निवडणारी गाळणी होय. सप्तकातील १२ स्थानांपैकी प्रत्येक स्थान ‘आहे’ अथवा ‘नाही’ एवढेच तिला कळते. षड्ज कायम धरला, तर उरलेल्या ११ स्थानांपासून २०४८ स्वरसमूह संभवतात. षड्ज, शुद्ध गांधार व पंचम हे स्वर एकत्र वाजविले असता पाश्चात्त्य संगीतातील ‘मेजर कॉर्ड’ सिद्ध होते. ही कॉर्ड ज्यांत सामावते असे समूह मागितले, तर ५१२ उरतात; त्यांत नेमके सातच स्वर असावेत असे म्हटले, तर १२६.

गणिताने विस्तार करावा आणि मग निवड करावी, ही रीत आपल्याकडे नवी नाही. सतराव्या शतकात तंजावर येथे व्यंकटमखीने ‘चतुर्दण्डीप्रकाशिका’ या ग्रंथात ७२ मेल सिद्ध केले. पण वर्णन केले ते प्रचारातील १९ मेलांचेच. रे, ग, म, ध, नी यांचे प्रत्येकी एकच रूप घ्यावे, ही हिंदुस्थानी अट लावली की ७२ मेलांपैकी ३२ उरतात. १९०४ साली दक्षिणेची यात्रा करून आलेल्या पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी पुढे आपल्या पद्धतीसाठी १० थाट स्वीकारले. ही अखेरची निवड गणिताने नव्हे, तर गायकांच्या व्यवहाराने ठरविली.

आता भाषांतरकाराकडे वळू. कर्नाटक पद्धतीतील ‘हिंदोळम्’ हे नाव पाहून ‘हिंडोल’ लिहिण्याचा मोह होतो. गाळणी ही चूक तत्काळ दाखवून देते. हिंदोळम्‌मध्ये गांधार, धैवत व निषाद कोमल आणि मध्यम शुद्ध असतो. म्हणजे स्वर मालकंसाचे. हिंडोलात मात्र तीव्र मध्यम असून गांधार, धैवत, निषाद शुद्ध असतात. नाव जवळजवळ एकच, स्वर मात्र भिन्न.

याच्या उलट स्थिती ‘मोहनम्’ रागाची. सा, रे, ग, प, ध हे पाच शुद्ध स्वर दिले, तर मोहनम्, भूप आणि देशकार हे तिन्ही राग एकाच खान्यात पडतात. परंतु भूपात गांधार वादी, देशकारात धैवत. पहिला रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुसरा सकाळचा. मोहनम्‌चे गमक तर आणखी निराळे. स्वरांचे चलन आणि त्यांवरील भर या गोष्टी गाळणीच्या जाळीतून निसटून जातात.

म्हणून मूळ रागनाम कायम ठेवावे, तळटीपेत त्याचे स्वर द्यावेत, आणि हिंदुस्थानी राग सुचवावयाचा झाल्यास तो ‘समान स्वरांचा’ म्हणून सुचवावा, ‘तोच राग’ म्हणून नव्हे. असे न केल्यास मराठी वाचकाच्या कानी भलतेच पद पडण्याचा संभव आहे.