लिनक्स टाकले, पण संगणक सुरूच होईना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते आणि ते जुन्या संगणकांत बहुधा नसते. म्हणून अनेक घरांत आणि शाळांत जुन्या संगणकांवर लिनक्स टाकले जात आहे. आम्हांला हा मार्ग पसंत आहे. पण पालकांची एक तक्रार वारंवार कानावर येते : इन्स्टॉलेशन व्यवस्थित झाले, पेन ड्राइव्ह काढला, आणि नंतर पडदा काळाच राहिला. दुकानदार म्हणतो, हार्ड डिस्क गेली, नवी घ्या. खर्च करण्याआधी थोडे थांबावे. पुष्कळदा डिस्क चांगली असते, तिच्यापर्यंत जायची वाट तेवढी हरवलेली असते.

बटन दाबल्यावर आधी लिनक्स जागे होत नाही. मदरबोर्डवरील फर्मवेअर जागे होते. ते ग्रब नावाचा छोटा प्रोग्राम शोधते, आणि ग्रब लिनक्सचे कर्नल मेमरीत आणतो. जुन्या बायोस पद्धतीत फर्मवेअर डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत पाहते. त्यांतले जेमतेम ४४६ बाइट प्रोग्रामसाठी असतात. नव्या यूईएफआय पद्धतीत ग्रबची फाइल एका लहान, वेगळ्या फॅट पार्टिशनमध्ये राहते.

खरी गफलत इथेच होते. बूट मेनूमध्ये एकच पेन ड्राइव्ह कधी कधी दोनदा दिसतो, एकदा साधा आणि एकदा नावाआधी ‘यूईएफआय’ लिहिलेला. साधा निवडला तर इन्स्टॉलर सामान्यतः ग्रब जुन्या पद्धतीने बसवतो. फर्मवेअर मात्र फक्त यूईएफआयवर ठेवलेले असेल तर त्याला तो सापडत नाही, आणि ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असे उत्तर मिळते. दोष ना डिस्कचा, ना लिनक्सचा!

म्हणून पडद्यावरचा संदेश नीट वाचावा. ‘ग्रब रेस्क्यू’ दिसले तर ग्रब मिळाला आहे, त्याच्या उरलेल्या फाइली मिळत नाहीत. ग्रबचा मेनू येऊन पुढे अंधार झाला तर संशय ग्राफिक्सवर घ्यावा : मेनूत ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ लिहावे आणि एफ-१० दाबून पाहावे.

दुरुस्तीसाठी आधी इतर पेन ड्राइव्ह काढून बूटचा क्रम तपासावा. तरीही चालले नाही तर इन्स्टॉलेशनच्याच पेन ड्राइव्हवरून, या वेळी योग्य पद्धत निवडून, ‘ट्राय’ने लिनक्स उघडावे. सर्वांत आधी आपले फोटो आणि प्रोजेक्टच्या फाइली दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवाव्यात. हे काम टाळू नये. घाईने पुन्हा फॉरमॅट केल्यामुळे मुलांची वर्षभराची मेहनत जाते. मग उबुंटूवर ‘बूट-रिपेअर’ हे साधन चालवावे. मोठे विद्यार्थी ‘ग्रब-इन्स्टॉल’ व ‘अपडेट-ग्रब’ या आज्ञाही शिकू शकतात, पण त्या सरांसमोरच द्याव्यात. चुकीच्या डिस्कचे नाव लिहिले तर चालता संगणकही बंद पडेल.

घरचा संगणक असा अडला असेल तर पडद्यावरच्या संदेशाचा मोबाइलवर फोटो काढून संगणक कक्षात आणावा. संगणक उचलून आणण्याची गरज नाही.