एका ढगात एक परार्ध थेंब

एक किलोमीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच उंच असा एखादा कापसी ढग घ्या. पावसाळा सरताना दुपारी दख्खनच्या आभाळात असे ढग कितीतरी दिसतात. त्यातल्या एका घनमीटरमध्ये पाणी असते जेमतेम अर्धा ग्रॅम. पण घनकिलोमीटरमध्ये घनमीटर असतात शंभर कोटी, म्हणजे त्या एका ढगात ५०० टन पाणी झाले. प्रवासी, सामान, इंधन यांसह पूर्ण भाराने उडणाऱ्या सहा बोईंग ७३७-८०० विमानांचे एकूण वजनसुद्धा याहून कमी भरते.

हे पाणी कोसळत नाही, कारण ते अतिशय बारीक वाटले गेलेले असते. ढगातल्या थेंबाचा व्यास साधारण २० मायक्रॉन, आणि घनसेंटिमीटरमागे असे शंभरेक थेंब. अख्ख्या ढगाचा हिशेब केला की एकावर सतरा शून्ये येतात. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकं, दहं पासून संख्यास्थाने सांगत नेली, त्यातले शेवटचे, अठरावे स्थान म्हणजे परार्ध, ते नेमके हेच. स्थिर हवेत असा थेंब सेकंदाला सेंटिमीटरभर उतरतो. किलोमीटरभर खाली यायला त्याला एका दिवसाहून जास्त वेळ लागेल, आणि खालून चढणारी उबदार हवा त्याला तेवढी सवड देत नाही.

फ्लाइट सिम्युलेटर चालवणारा माणूस हाच ढग घरच्या पडद्यावर मागतो, तोही सेकंदाला साठ वेळा नव्याने काढलेला.

४के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके असतात. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या सिम्युलेटरमध्ये किंवा एक्स-प्लेन १२ मध्ये ढग म्हणजे आकाशात टांगलेले चित्र नसते. त्याला खोली असते. ती दाखवायची तर ढोबळ मानाने असे करावे लागते: प्रत्येक ठिपक्यातून एक किरण आकाशात सोडायचा आणि वाटेत थांबत थांबत तिथे ढग किती दाट आहे ते मोजायचे. किरणाचे ६४ थांबे धरले तर एका चित्राला ५३ कोटी मोजण्या होतात. सेकंदाच्या साठ चित्रांना ३,१८५ कोटी. शिवाय प्रत्येक थांब्यापर्यंत ऊन किती पोचले हे कळायला सूर्याच्या दिशेने आणखी सहा मोजण्या धरा, की आकडा सेकंदाला २२ हजार कोटींवर जातो. आणि एका चित्राला मिळणारा वेळ १६.७ मिलिसेकंद; त्यातच जमीन, धावपट्टी, कॉकपिट, काट्यांची थरथर, सगळे बसवायचे.

सरळ मार्गाने हे जमत नाही, म्हणून युक्त्या आल्या. गेरिला गेम्सच्या ‘होरायझन झीरो डॉन’ या खेळाचे ढग बनवणाऱ्यांनी आपली पद्धत २०१५ मध्ये मांडली. दर चित्रात सोळांपैकी एकच ठिपका नव्याने मोजायचा आणि बाकीचे पंधरा आधीच्या चित्रांवरून उचलायचे. ढगांसाठीचा सगळा वेळ दोन मिलिसेकंदांच्या आसपास आला. मला ही गेल्या काही वर्षांतली संगणक-चित्रकलेतली सर्वांत सुंदर काटकसर वाटते.

जुन्या सिम्युलेटरांवर, मायक्रोसॉफ्टच्याच २००६ च्या एफएसएक्सवर, ढग ही चित्रेच होती, आणि आरईएक्ससारखी अ‍ॅड-ऑन त्या चित्रांच्या जागी जास्त रेखीव चित्रे बसवत. तिथे चित्राची बाजू ५१२ ऐवजी ४०९६ ठिपक्यांची निवडली की चित्रातले ठिपके आठपट नव्हे, चौसष्टपट होतात: २,६२,१४४ चे १,६७,७७,२१६. एफएसएक्स ३२ बिटांचा, त्याला ४ जीबीपलीकडची मेमरी वापरताच येत नसे. पुष्कळांची उड्डाणे उतरायच्या ऐन वेळी मेमरी संपून बंद पडली, ती अशा हौसेपायी.

माझ्या मते खरेपणा रेखीवपणात नाही, अंतरात आहे. ३५,००० फुटांवरून क्षितिज सुमारे ३७० किलोमीटर लांब असते. पावसाळी गडगडाटी ढगाचा माथा १६ किलोमीटर उंच गेला असेल, तर भूमितीच्या हिशेबाने तो ८२० किलोमीटरांवरून दिसू शकतो. म्हणजे मुंबईवरून हैदराबादच्याही पलीकडचा. सिम्युलेटरमध्ये ढग काढण्याचे अंतर ६० मैलांवर ठेवले तर ९७ किलोमीटरांपुढे आभाळ कोरेच. ते १२० मैल केले की ढगांनी भरायचे क्षेत्र चौपट होऊन १ लाख १७ हजार चौरस किलोमीटर होते, महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला निघणाऱ्या चित्रांची संख्या, इथेच पडतो.

एवढे करूनही ढग नेमका कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नसते. विमानतळाचा हवामान अहवाल आभाळाचे आठ भाग पाडून त्यातले किती झाकले ते सांगतो, ढग कुठल्या बाजूला ते नाही. अमेरिकेच्या जीएफएस या हवामान प्रारूपाची पाव अंशाची जाळी घेतली तर पृथ्वीवर १०,३८,२४० बिंदू पडतात. आकडा प्रचंड वाटतो, पण आपल्या अक्षांशावर अशी एक चौकट सातशे चौरस किलोमीटरहून मोठी असते. मुंबई ते पुणे या वाटेवर जेमतेम चार-पाच बिंदू येतात, आणि जिथे ढग कड्यावर आदळून उभे चढतात तो बोरघाट दोन बिंदूंच्या मध्ये हरवतो. चौकटीच्या आत ढग कुठे मांडायचे हे मग गणिती यादृच्छिकतेवर सोपवतात. त्यासाठी सर्रास वापरली जाणारी एक रीत केन पर्लिन यांनी १९८० च्या दशकात शोधली. १९९७ मध्ये तिला तांत्रिक ऑस्करही मिळाले. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेने घडवलेली, मे २०२५ पासून वापरात आलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ६ किलोमीटरांच्या जाळीवर चालते. सिम्युलेटरांना इतके बारीक हवामान मिळाले, तर आपला घाट पहिल्यांदा घाटासारखा दिसेल.

तोवर माझे सांगणे असे. ढगचित्रांचा आकार २०४८ वर थांबवा. व्हॉल्यूमेट्रिक, म्हणजे खोली असलेल्या, ढगांना ‘अल्ट्रा’ऐवजी ‘हाय’ पुरे. वाचलेली ताकद ढगांच्या अंतराला आणि थरांच्या संख्येला द्या. मग जुलैतला थेट हवामान अहवाल लावून मुंबईहून पूर्वेकडे उड्डाण करा, आणि फ्रेम रेट ३० च्या खाली गेला तर आधी रेखीवपणा कमी करा, अंतर नव्हे.