पसंतीक्रम भरण्याआधी

"सुई टोचायचं काम पाच मिनिटांचं. नंतर दिवसभर नळ्यांवर नावं लिहायची आणि रजिस्टर भरायचं. रक्त बघून मला काही झालं नाही, पण एखाद्या नळीवर चुकीचं नाव पडलं तर काय होतं ते ऐकून भीती वाटली."

नववीतल्या एका मुलीने दिवाळीच्या सुट्टीत रक्ततपासणीच्या लॅबमध्ये एक सकाळ काढली आणि हे लिहून आणलं. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईंच्या कपाटात अशा पानांची जाडजूड फाइल आहे. महावितरणच्या लाइनमनबरोबरचा दिवस, जनावरांच्या दवाखान्यातला दिवस, माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेतला, बँकेतला, जेसीबी चालवणाऱ्या चुलत्याबरोबरचा. प्रश्न ठरलेले असतात. कामावर आल्या आल्या हा माणूस काय करतो? सगळ्यात जास्त वेळ कशात जातो? कंटाळा कशाचा येतो? इथवर पोचायला काय शिकावं लागलं, किती वर्षं गेली, पैसे किती लागले?

बाईंनी हे सुरू केलं त्यामागे एक साधं निरीक्षण होतं. 2016 साली राज्य मंडळाने श्यामची आई फाउंडेशनच्या मदतीने दहावीच्या मुलांची कल चाचणी घ्यायला सुरुवात केली. निकालाबरोबर मुलाच्या हातात कोणत्या क्षेत्राकडे ओढा आहे ते सांगणारा अहवाल यायचा. पालक तो घेऊन शाळेत यायचे. चाचणी आपल्या जागी ठीक होती. पण ज्या मुलाने आयुष्यात शिक्षक, पोलीस, डॉक्टर आणि दुकानदार एवढीच कामं जवळून पाहिली आहेत, तो उत्तरंही त्या चार कामांतूनच देणार. न पाहिलेल्या गोष्टीचा कल कसा कळावा? म्हणून आधी पाहणं, मग निवडणं.

माध्यमिक शाळेत मुलांना व्यवसायाची दिशा दाखवणारी व्यवस्था हवी, ही शिफारस डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालच्या माध्यमिक शिक्षण आयोगाने 1952-53 मध्येच केली होती. या शाळेच्या वेळापत्रकात मात्र त्यासाठी तास नाही. बाई शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बसतात, आणि निकालानंतरचे आठवडे रोज.

निकालानंतर येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा प्रश्न नसतोच, निर्णय असतो. दहावीला 78 टक्के मिळवलेल्या एका मुलाचे वडील खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, ह्याला सायन्सलाच घालायचं हाय. इंजिनेर करायचा." मुलगा खिडकीबाहेर बघत होता. बाईंनी हो-नाही काहीच केलं नाही. मुलाला विचारलं, संध्याकाळी घरी काय करतोस?

उत्तर वडिलांनीच दिलं. "काय करतोय! मोटारीचा स्टार्टर खोलून बसतोय. गावातली लोकं पन आता ह्यालाच बोलवाय लागल्यात."

बाईंनी एक कोरा कागद आडवा धरला आणि त्यावर तीन रेघा ओढल्या. पहिली रेघ अकरावी-बारावी सायन्सची. दोन वर्षं, मग सीईटी, मग इंजिनिअरिंगची चार. दुसरी तंत्रनिकेतनाची. दहावीच्या गुणांवर प्रवेश, तीन वर्षांचा डिप्लोमा, मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश आणि आणखी तीन वर्षं. तिसरी आयटीआयची. इलेक्ट्रिशियनची दोन वर्षं, तिथून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला, दोन वर्षांत डिप्लोमा, मग डिग्रीची तीन. प्रत्येक रेघेखाली त्यांनी वर्षांची बेरीज लिहिली: सहा, सहा, सात. रेघेवर जिथे जिथे काहीतरी हातात पडतं आणि कमवायला बाहेर पडता येतं, तिथे एक गोल काढला. पहिल्या रेघेवर तो गोल अगदी शेवटी आला. दुसऱ्या रेघेवर दोन. तिसऱ्या रेघेवर तीन.

वडील बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. "म्हंजी आयटीआयवाला पन इंजिनेर होतोय?"

"होतो. मार्क टिकवावे लागतात, पण वाट बंद नाही."

मुलगा पहिल्यांदा बोलला. त्याला डिप्लोमा हवा होता. सोलापूरच्या शासकीय तंत्रनिकेतनात गावातला एक मुलगा शिकतो, त्याच्याकडून त्याने सगळं काढून ठेवलं होतं. घरी सांगायची हिंमत झाली नव्हती, एवढंच. वडिलांची पुढची शंका खरी होती आणि बाईंनी ती झटकली नाही: डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचं गणित अवघड जातं, त्यात पोरं अडकतात, हे त्यांनी ऐकलं होतं. बाईंनी गणिताचे मार्क पाहिले आणि सुट्टीत रोज एक तास बीजगणित करून घ्यायचं ठरवून दिलं. कोणाकडे जायचं तेही सांगितलं. सही मात्र त्या दिवशी कोणाकडूनच करून घेतली नाही. आधी वर्कशॉप बघून या, म्हणाल्या.

या कामात सल्ला कमी आणि दारं मोजणं जास्त आहे. कुठल्या निवडीने कोणतं दार बंद होतं आणि ते पुन्हा उघडायची सोय आहे का, हे मुलाला वेळेत कळायला हवं. अकरावी सायन्सला गणित सोडायचं की ठेवायचं, हा त्यातला सगळ्यात मोठा प्रश्न. गणिताला घाबरलेल्या मुलींची एक रांगच लागते; त्यांना डॉक्टर व्हायचं असतं, म्हणून त्या नुसतं जीवशास्त्र घेतात. बाई फळ्यावर दोन रकाने करतात. गणित सोडल्यावर काय उरतं: नीट देऊन वैद्यकीय, शिवाय फार्मसी, कृषी, नर्सिंग, बीएस्सी. काय जातं: इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, एनडीएमधून नौदल आणि हवाई दलात जाण्याची वाट. एनडीएच्या परीक्षेला 2021 पासून मुलींनाही बसता येतं, हे बऱ्याच जणींना त्या फळ्यासमोरच पहिल्यांदा समजतं. बाई गणित घ्याच असा आग्रह धरत नाहीत. घाबरून सोडू नका, बघून सोडा, एवढंच सांगतात.

पैशांची गोष्ट बोलायला आई लागते. वडिलांसमोर "झेपणार नाही" हा शब्द निघत नाही. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने इतर मागास वर्ग, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. पण त्यासाठी प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून व्हावा लागतो. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर माफी नाही. एवढी एक ओळ माहीत नसल्यामुळे घरातलं सोनं गहाण पडू शकतं.

त्याहून कंटाळवाणं आणि तितकंच महत्त्वाचं काम म्हणजे कागदपत्रं. जातीचा दाखला, उत्पन्नाचा, अधिवासाचा, नॉन-क्रिमिलेअर, पुढे जात पडताळणी. निकालानंतर सेतू केंद्राबाहेर सगळ्या तालुक्याची रांग एकदम लागते, म्हणून बाई नववीतच यादी देतात आणि दर शनिवारी विचारतात, कुठवर आलं? एका आडनावातली वेलांटी शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरी, एवढ्यावर अर्ज अडतो. अशा वेळी त्या स्वतः मुख्याध्यापकांकडे जाऊन दुरुस्तीचं पत्र तयार करून घेतात. मार्गदर्शन म्हटल्यावर व्याख्यानं आणि तक्ते डोळ्यांपुढे येतात. या पत्राची गणना त्यात कोणी करत नाही, पण मुलाचं वर्ष वाचवणारं मार्गदर्शन बहुतेक वेळा हेच असतं.

2025-26 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. आधी ते मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरते होते. तालुक्याच्या मुलांना ही पद्धत नवी. दहा कॉलेजांपर्यंत पसंतीक्रम देता येतो. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज लागलं आणि तिथे प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर पडतं. मित्राने टाकलं म्हणून लांबच्या शहरातलं कॉलेज पहिलं टाकायचं आणि लागल्यावर राहायचं कुठे म्हणून घरी बसायचं, असं होऊ नये म्हणून संगणक कक्षात फॉर्म भरताना बाई एकच विचारतात: हेच कॉलेज उद्या लागलं, तर परवा तिथे जाशील का? काही मुलं गप्प होतात आणि यादी बदलतात.

आणि निकालाच्या दिवशी, सत्काराचे फोटो चालू असताना, बाईंच्या हातात एक वेगळी यादी असते. नापास झालेल्या मुलांची. त्यांचे फोन त्या संध्याकाळच्या आत करतात. सकाळपर्यंत थांबत नाहीत. बोलणं थोडं आणि मुद्द्याचं असतं. एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. पुरवणी परीक्षा लगेच आहे, तिचा फॉर्म शाळेतच भरायचा. ज्याला पुस्तकाकडे परत वळायचंच नाही, त्याच्यासाठी आयटीआयचे वेल्डर, वायरमनसारखे काही ट्रेड दहावी नापासांनाही खुले आहेत. फोन घरच्यांनी उचलला तर आधी मुलाला द्यायला सांगतात. ज्याचा लागत नाही, त्याच्या वस्तीवर शाळेचे शिपाईकाका मोटरसायकलने जातात आणि उद्या दहा वाजता शाळेत ये, बाईंनी बोलावलंय, असा निरोप देऊन येतात. दुसऱ्या दिवशी दहाला संगणक कक्ष उघडलेला असतो आणि पहिले फॉर्म याच मुलांचे भरले जातात.