तरवडावरचे पहारेकरी

विद्यापीठामागच्या गोगाबाबा टेकडीकडे किंवा दौलताबादच्या उतारावर फिरायला जाणाऱ्यांना तरवड ओळखीचा असतो. पिवळ्या फुलांचे, गुरे फारसे तोंड न लावणारे झुडूप. त्याचे पान न तोडता जवळून पाहिले, तर समोरासमोरच्या पर्णिकांच्या प्रत्येक जोडीमध्ये काडीच्या तुकड्यासारखी एक बारीक ग्रंथी उभी दिसते. तिच्यातून साखरपाणी पाझरते. तिथे ना फूल, ना फळ; मग हे गोड पाणी कोणासाठी? थोडा वेळ थांबले की उत्तर चालत येते. मुंगी एका ग्रंथीवरून दुसरीवर जाते आणि वाटेत सापडलेली कोवळी अळी किंवा अंडी उचलते, निदान अळीला सुखाने खाऊ देत नाही.

वनस्पतिशास्त्रात याला पुष्पबाह्य मधुग्रंथी म्हणतात. शब्द जड आहे, व्यवहार सोपा: झाड साखर देते, मुंगी राखण करते. बाभळीच्या पानाच्या दांड्यावर अशी ग्रंथी असते, टाकळ्याला असते, एरंडाच्या देठावर असते, चवळीला असते. मराठवाड्याच्या शेतकऱ्याने जन्मभर हाताळलेल्या कपाशीच्या पानाखाली, मधल्या शिरेवर, एक छोटी खळगी दिसते तीही हीच. ही ग्रंथीच नसलेले कापसाचे वाण शास्त्रज्ञांनी मुद्दाम तयार करून पाहिले, कारण त्या मधावर मुंग्यांबरोबर किडींचे पतंगही पोट भरतात. वाढलेल्या ताटावर कोण येऊन बसेल, हे झाडाच्या हातात नसते.

मुंग्या आणि झाडांचा विषय निघाला की पुस्तके लगेच मध्य अमेरिकेच्या जंगलात नेतात. तिथल्या एका बाभूळवर्गीय झाडाला बैलाच्या शिंगांसारखे पोकळ काटे असतात आणि मुंग्या त्यातच बिऱ्हाड करतात. डॅनियल जॅन्झेन या शास्त्रज्ञाने मेक्सिकोत काही झाडांवरच्या मुंग्या काढून टाकल्या. त्या झाडांना किडींनी खाल्ले, वेलींनी वेढले. १९६६ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आजही शिकवला जातो.

आपल्याकडचे नाते इतके नाट्यमय नाही. कन्नडच्या पलीकडे पसरलेले गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले. सुमारे २६० चौरस किलोमीटरचे हे जंगल शुष्क पानझडीचे आहे. सालई, धावडा, पळस, खैर यांची पाने उन्हाळ्याच्या तोंडाशी गळतात आणि जमीन तव्यासारखी तापते. अशा जंगलात मुंगीचे मोठे काम फांदीवर नसून जमिनीत असते. बिळे खोदताना ती खालची माती वर आणते. त्या भोकांतून हवा आणि पहिल्या पावसाचे पाणी आत उतरते. बिळाभोवती टाकलेला कचरा, मेलेले किडे, धान्याची टरफले यांनी तिथल्या मातीचा कस वाढतो. मोठी वारुळे मात्र बहुतेक वाळवीची असतात. वाळवी ही मुंगी नव्हे, ती झुरळाची नातेवाईक. नागपंचमीला वारूळ पुजताना हा फरक कोणी करत नाही आणि करायची गरजही नाही.

दुसरे काम बियांचे. एरंडाची बी नीट पाहिली तर टोकाला एक फिकट, मऊ गाठ दिसते. तिच्यात तेल असते. मुंग्या बी ओढत बिळाशी नेतात, गाठ तेवढी खातात आणि बी टाकून देतात. बीला आयती भुसभुशीत, खतावलेली जागा मिळते. उंदरांपासून आणि पृष्ठभागावरच्या आगीपासून ती वाचण्याची शक्यताही वाढते. जगात अशी किमान ११ हजार सपुष्प वनस्पतींची नोंद आहे, ज्यांनी मुंगीला वाहतुकीचे भाडे म्हणून बीवर असा खाऊ बांधून ठेवला आहे. मुंगी ज्या बीच्या आतल्या भागाला हात लावत नाही, त्या एरंडाच्या बीत रिसिन हे जहाल विष असते. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुले खातात आणि उलट्या-जुलाबांनी बेजार होऊन दवाखान्यात येतात. शाळेच्या कुंपणाला ही झाडे असतील तर शिक्षकांनी मुलांना बी ओळखायला शिकवावी.

महाराष्ट्रातल्या मुंग्यांची शास्त्रीय ओळख पटवण्यात एका वनाधिकाऱ्याचा आणि एका डॉक्टरचा मोठा वाटा आहे. रॉबर्ट चार्ल्स रॉटन हे मुंबई इलाख्याच्या वनखात्यात होते. त्यांनी जागोजागच्या मुंग्या गोळा करून स्वित्झर्लंडला ऑग्युस्त फोरेल यांच्याकडे धाडल्या आणि १८९२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ‘अवर अँट्स’ ही लेखमाला लिहिली. फोरेल पेशाने मनोविकारतज्ज्ञ, झुरिचच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख. मज्जापेशी सुट्या असतात हे मांडणाऱ्या पहिल्या काही जणांत त्यांचे नाव आहे. रुग्णालय सांभाळून त्यांनी हजारो मुंग्यांची वर्णने लिहिली. पुढे स्विस नोटेवर त्यांचे चित्र आले, तेव्हा मागच्या बाजूला मुंग्याच होत्या. आज भारतात मुंग्यांच्या ८०० हून अधिक जाती-उपजाती नोंदल्या गेल्या आहेत. पृथ्वीवर माणशी सुमारे २५ लाख मुंग्या असाव्यात, असा २०२२ सालचा अंदाज आहे.

एवढ्या असताना चार कमी झाल्या तर काय बिघडते? याचे उत्तर केनियातून मिळाले. तिथल्या लाइकिपिया पठारावर एक काटेबाभूळ आहे. तिच्या फुगीर काट्यांत मुंग्या राहतात आणि हत्तीने सोंड लावली की त्या सोंडेवर तुटून पडतात. काही वर्षांपूर्वी तिथे मोठ्या डोक्याची एक परकी मुंगी शिरली. तिने रखवालदार मुंग्यांचा फडशा पाडला. मग हत्ती ही झाडे पाच ते सात पट अधिक मोडू लागले. माळ उघडा पडला आणि दबा धरून शिकार करणाऱ्या सिंहांची आडोशाची जागा गेली. सिंहांच्या शिकारीत २००३ साली ६७ टक्के झेब्रे होते, ते २०२० पर्यंत ४२ टक्क्यांवर आले आणि सिंह रानम्हशींकडे वळले. हा अभ्यास २०२४ च्या जानेवारीत ‘सायन्स’मध्ये आला. भारतातही असा उपद्रव दिसला आहे. तमिळनाडूत दिंडीगुल जिल्ह्यातल्या करंथमलाई राखीव जंगलाजवळच्या गावांत २०२२ मध्ये पिवळ्या ‘क्रेझी’ मुंग्यांचा सुळसुळाट झाला आणि गुरेढोरे व पिके त्रासात आली.

त्याच केनियन काटेबाभळीच्या काट्यांतून वैद्यकालाही काही मिळाले आहे. तिथे राहणाऱ्या टेट्रापोनेरा पेन्झिगी या मुंगीजवळ ब्रिटिश शास्त्रज्ञांना एक नवा जिवाणू सापडला. नाव ठेवले स्ट्रेप्टोमायसीस फॉर्मिकी. २०१७ मध्ये त्यांनी जाहीर केले, की त्यापासून मिळालेली फॉर्मिकामायसिन नावाची संयुगे नेहमीच्या प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या एमआरएसए जंतूवर प्रयोगशाळेत चालतात. प्रयोगशाळेतला निकाल म्हणजे वॉर्डातले औषध नव्हे, मधे लांबचा रस्ता असतो. पण दाद न देणारे जंतू रोज पाहणाऱ्यांना अशा बातमीचे मोल कळते. वैद्यकाला मुंगी तशी नवीही नाही. आतड्याच्या जखमेच्या कडा काळ्या मुंग्यांच्या चाव्याने धरून ठेवायची युक्ती सुश्रुतसंहितेत आहे.

टेट्रापोनेरा कुळातल्या मुंग्या आपल्याकडेही झाडांच्या खोडांवर फिरतात. त्यातली तांबड्या-काळ्या रंगाची सडपातळ मुंगी जबर डंख करते. डंखाची जागा साबणाने धुवावी, गार पाण्याची पट्टी ठेवावी, खाजवू नये. बहुतेकांना एवढे पुरते. मात्र अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला किंवा चक्कर आली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता जवळचे रुग्णालय गाठावे.

घरात आणि रुग्णालयात मुंगी नकोच. फेरो मुंगी रुग्णालयात रोगजंतू इकडून तिकडे नेते, हे १९७२ साली ‘लॅन्सेट’मध्ये नोंदले गेले आहे. तक्रार आहे ती घराबाहेरच्या सवयींची. मुंगी दिसली की झाडाच्या बुंध्याभोवती विषारी पावडरीचे कडे केले जाते, आणि त्याच अंगणात मुले मातीत हात घालून तोच हात तोंडात घालतात. सोसायटीच्या बागेत रोज सकाळी पालापाचोळा पेटवला जातो. धुराने दमेकऱ्यांची छाती भरते आणि पाचोळ्याखालचे मुंग्यांचे राज्य भाजून निघते. डोंगरावर हेच वणव्याने होते. नवे गवत चांगले यावे म्हणून लावलेली काडी गवतापुरती थांबत नाही. बिळातली राणी कदाचित वाचते, पण वर पाचोळा नाही, किडे नाहीत, बिया जळालेल्या. तिला वाढायला काही उरत नाही.

सीताफळवाल्यांचा अनुभव उलटा असतो आणि तो खोटा नाही. फळावर पांढरा पिठ्या ढेकूण बसला की मुंग्या त्याचा गोड चिकटा पिण्यासाठी त्याचीच राखण करतात. मित्रकीटक जवळ आले तर त्यांना हाकलतात. तरवड ज्या साखरेने पहारेकरी ठेवतो, त्याच साखरेने ही कीडही पहारेकरी ठेवते. अशा वेळी मुंग्यांचा खोडावरचा रस्ता तोडला की पुष्कळदा काम भागते. खोडाला जमिनीपासून हातभर उंचीवर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळून तिला ग्रीस लावायचे, जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटायच्या, बाजूच्या झाडाला लागलेल्या डहाळ्या काढायच्या आणि धूळ बसली की ग्रीस पुन्हा लावायचे. मुंग्या जमिनीवर राहतात, आपली बिळे खोदत; फळावरचा पिठ्या ढेकूण उघडा पडतो आणि त्याला खाणारे ढालकिडे बाकीचे काम करतात.