घाटाखालचा उन्हाळा आणि संगणकातील हवा

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग परंपरेने मानले जातात. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर सुमारे ६४० मीटर उंचीवर वसलेल्या बुलढाणा शहराचा उन्हाळा विदर्भाच्या मानाने सुसह्य असतो, तर पूर्णेच्या खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, खामगाव आणि शेगाव येथे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे नित्याचे असते. एकाच बनावटीचा संगणक घाटावर विनातक्रार चालावा आणि घाटाखालच्या सेवा केंद्रात मात्र भर दुपारी मंदावावा किंवा आपोआप बंद पडावा, यात म्हणूनच नवल नाही.

संगणक जी वीज घेतो, तिचे जवळजवळ सर्वच रूपांतर अखेर उष्णतेत होते. गणनेचे मुख्य काम करणारा प्रोसेसर नखाएवढ्या जागेत ही उष्णता निर्माण करत असल्यामुळे त्याच्यावर हीटसिंक, म्हणजे पातळ पात्यांचा धातूचा ठोकळा, बसवलेला असतो. प्रोसेसरची उष्णता या पात्यांत पसरते, तेथून ती हवेत जाते आणि कॅबिनेटचे, म्हणजे ज्या पेटीला बोलीत सरसकट सीपीयू म्हटले जाते तिचे, पंखे ती तापलेली हवा बाहेर घालवतात. पंखा हवा थंड करत नाही; माणसाला त्याचा गारवा जाणवतो तो घामाच्या बाष्पीभवनामुळे, आणि यंत्राला घाम येत नाही. त्यामुळे कितीही पंखे लावले तरी आतील तापमान खोलीच्या तापमानाखाली उतरत नाही. खोली २५ अंशांवर असताना प्रोसेसर ६५ अंशांवर राहत असेल, तर त्याच कामाला ४२ अंशांच्या खोलीत तो सुमारे ८२ अंशांवर पोहोचतो. बहुतेक प्रोसेसर ९० ते १०० अंशांच्या दरम्यान स्वतःचा वेग कमी करून स्वतःला वाचवतात, आणि घाटाखालच्या दुपारी ही मर्यादा गाठायला फारसे अंतर उरलेले नसते.

तरीही उपाय म्हणून पंख्यांची संख्या वाढवत जाणे बहुधा व्यर्थ ठरते. २०० वॉट वीज वापरणाऱ्या संगणकाची उष्णता वाहून नेताना हवा केवळ १० अंशांनी तापावी अशी अपेक्षा धरली, तर दर सेकंदाला सुमारे १७ लिटर हवा पुरते, आणि १२० मिलिमीटर व्यासाचे एक-दोन चांगले पंखे एवढी हवा सहज पुरवतात. कार्यालयीन कामाचा साधा संगणक तर याच्या निम्मीही वीज क्वचितच घेतो. पंख्याचा वेग दुप्पट केल्यास हवेचा प्रवाह साधारण दुप्पट होतो, परंतु त्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते आणि आवाजही बराच वाढतो.

खरा प्रश्न हवेच्या वाटेचा असतो. समोरून किंवा खालून गार हवा आत यावी, हीटसिंकवरून जावी आणि मागून किंवा वरून बाहेर पडावी, अशी सर्वसाधारण रचना असते. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरून ठेवणारे दांडे असतात, त्या बाजूने सहसा हवा बाहेर पडते, हे लक्षात न घेता पंखा उलटा बसवला तर तो इतर पंख्यांच्या विरुद्ध काम करतो. टेबलाच्या अरुंद कप्प्यात मागची फळी भिंतीला टेकवून ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये तर बाहेर पडलेली गरम हवाच फिरून पुन्हा आत ओढली जाते, आणि मग पंखे दोन असोत वा सहा, फरक पडत नाही. बाजूचे झाकण काढून टेबलफॅन लावण्याची प्रथा सर्वत्र दिसते. तिने काही काळ तापमान उतरते हे खरे, परंतु ठरलेली वाट मोडते आणि धुळीला दार उघडे होते.

कापसाच्या या मुलखात धूळ हा दुय्यम विषय नव्हे. खामगाव ही कापसाची जुनी बाजारपेठ असून जिनिंगच्या हंगामात रुईचे बारीक तंतू हवेत असतात. ते पंखा आणि हीटसिंक यांच्यामध्ये अडकून नमद्यासारखा थर तयार होतो, जो बाहेरून दिसतही नाही. आत हवा घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा अधिक समर्थ असल्यास पेटीतील दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहतो आणि हवा मुख्यतः जाळीतूनच आत येते. उलट स्थितीत ती प्रत्येक फटीतून धूळ घेऊन शिरते. म्हणून अशा गावांत पहिली रचना श्रेयस्कर, अर्थात जाळी स्वच्छ ठेवली तरच.

उन्हाळ्यात खोलीची हवा गार करणारा कूलर संगणकालाही उपकारक असतो, कारण कोरड्या हवेत बाष्पीभवन वेगाने होते आणि ४२ अंशांची हवा ३० अंशांच्या खालीही उतरू शकते. कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर मात्र नसावा. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांतील खारपाणपट्ट्यात भूजल क्षारयुक्त आहे, आणि झोताबरोबर उडालेले तुषार सुकल्यावर उरणारे क्षार ओलाव्याच्या संगतीने विद्युतजोडण्या गंजवतात. खिडकी उघडी ठेवून दमट हवेला वाट देणेही आवश्यक असते.

अतिशय मोठ्या यंत्रांत हवा अपुरी पडते. समान आकारमानाचे पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहते, म्हणूनच पुण्याच्या आयसर संस्थेतील परम ब्रह्म या महासंगणकात द्रव शीतनाची पद्धत वापरली आहे. घरगुती संगणकासाठी तो खर्च सहसा अनावश्यक आहे.

जिनिंगचा हंगाम सरत असताना, म्हणजे होळीच्या सुमारास, एकदा सफाई करणे घाटाखालच्या गावांसाठी सर्वांत फलदायी ठरते. वीजजोडणी काढून, पंख्याची पाती बोटाने धरून मगच ब्लोअरचा झोत मारावा, कारण झोताने पाती अतिवेगाने फिरल्यास बेअरिंग खराब होऊ शकते. वीजपुरवठ्याची पेटी मात्र घरी उघडू नये. तिच्यातील कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही धोकादायक विद्युतभार शिल्लक असू शकतो.