मिठाची पिशवी किती दिवस पुरते?
घरचा मसाला, घरची चटणी आणि मापाचा हिशेब

आपल्या घरात एक किलो मिठाची पिशवी फोडली की ती किती दिवस पुरते? हा प्रश्न वस्तीत विचारला की बहुतेक घरांत उत्तर मिळत नाही. तांदूळ किती लागतो, तेल किती, गॅस किती दिवस चालतो, याचा हिशेब घरच्या बाईला तोंडपाठ असतो. मिठाचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही, कारण ते स्वस्त आहे. पण आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर स्वयंपाकघरात सर्वांत आधी मोजायची वस्तू मीठच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. चार मोठ्या माणसांच्या घराला दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे एक किलोची पिशवी ५० दिवस पुरली पाहिजे. आपण प्रत्यक्षात किती खातो? २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतातील प्रौढ माणूस दिवसाला सरासरी ८ ग्रॅम मीठ खातो असे दिसले. मुंबई महापालिकेने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत शहरातील साधारण तीनपैकी एका प्रौढाला उच्च रक्तदाब आढळला. मीठ जास्त झाले की रक्तदाब वाढतो, आणि वाढलेला रक्तदाब काही न दुखता हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडावर घाव घालतो. अर्धांगवायूचा झटका येतो तेव्हाच घराला कळते. कमावता माणूस अंथरुणाला खिळला की सगळे घर बसते.

ही सवय आली कुठून?

मालाडच्या पूर्वेला कुरार, अप्पापाडा, पिंपरीपाडा आणि पश्चिमेला मालवणी, अंबुजवाडी. या वस्त्यांतली कितीतरी घरे मराठवाडा, विदर्भ, खानदेश, पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणातून आलेली. काही १९७२ च्या दुष्काळात आली, काही त्याआधी, काही नंतर. गावाकडे आपल्या आजी-आजोबांच्या ताटात भाजी रोज नसे. दूध-तूप तर नव्हतेच. भाकरी, मीठ-मिरची, एखादी चटणी, पातळ कालवण. कोरडी भाकरी घशाखाली उतरवायची तर चटणी झणझणीत आणि खारट हवी. दिवसभर उन्हात राबायचे आणि घाम गाळायचा. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांग समाजाच्या अन्नाची नोंद आहे. ते अन्न आवडीपेक्षा नाइलाजातून घडले. आणि त्या नाइलाजातही आपल्या बायांनी चव निर्माण केली, ही लाज वाटण्याची नव्हे, अभिमानाची गोष्ट आहे.

आता दिवस बदलले, पण जिभेची सवय तीच राहिली. वर भर पडली ती पुड्यांची. नूडल्सची मसाला पुडी, पाच-दहा रुपयांचे भाजी मसाले, शेजवान चटणी, सॉस, वेफर्स, फरसाण, वडापाव. मीठ आता दोन्हीकडून येते, गावाच्या सवयीतून आणि बाजाराच्या पाकिटातून. म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की मसाला, चटणी, सॉस या स्वयंपाकाच्या मूळ गोष्टी जमेल तितक्या घरी करा. घरी केल्या की मीठ, रंग आणि पैसा तिन्ही आपल्या हातात राहतात.

पाकीट वाचायला शिका

पाकिटावर 'मीठ किती' असे लिहीत नाहीत, 'सोडियम' लिहितात, तेही मिलिग्रॅममध्ये. हिशेब सोपा आहे. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणा. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २,००० मिलिग्रॅम, म्हणजेच २ ग्रॅम मीठ. दिवसाच्या पाचपैकी दोन ग्रॅम एकाच पदार्थात संपले. आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका वाढपाचा, तेही पाहा. घरात शाळेत जाणारी मुले असतील तर त्यांनाच हे काम द्या. आठवडाभर घरात येणारी पाकिटे त्यांनी वाचून सांगावीत.

अजिनोमोटोमध्येही सोडियम असते, मिठाच्या साधारण एक तृतीयांश. डाळ लवकर शिजावी म्हणून घालतात तो खायचा सोडाही सोडियमचाच, शिवाय त्याने डाळीतले 'ब-१' जीवनसत्त्व नष्ट होते. डाळ रात्री भिजत घाला, गॅसही वाचेल.

मसाला: त्यात मीठ नको

कांदा-लसूण मसाला किंवा वर्षाचे तिखट टिकावे म्हणून कुटताना खडेमीठ घालायची पद्धत आहे. मग भाजी करताना आपण मसालाही घालतो आणि वेगळे मीठही. माप चुकते ते इथेच. मसाला टिकतो तो कोरडा असला तर. जिन्नस कडक उन्हात वाळवा आणि मंद आचेवर नीट भाजा, मीठ लागत नाही.

चार माणसांच्या घराला दीड-दोन महिने पुरेल असे एक माप देतो. बेडगी मिरची १५० ग्रॅम (रंगासाठी), लवंगी किंवा संकेश्वरी मिरची १०० ग्रॅम (तिखटपणासाठी), धने १२५ ग्रॅम, जिरे २५ ग्रॅम, बडीशेप १० ग्रॅम, हळकुंड १० ग्रॅम, मिरे, लवंग, दालचिनी, दगडफूल आणि तमालपत्र प्रत्येकी ५ ग्रॅम. मिरच्यांचे देठ काढा. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजा, हळकुंड फोडून भाजा. पूर्ण गार झाल्यावरच दळा, गरम दळला तर डब्यात वाफ धरते आणि बुरशी येते. खोबरे आणि तीळ यात घालू नका, ते पावसाळ्यात खवट होतात. लागतील तेव्हा ताजे भाजून वाटा.

एकट्याने डंखावर जाण्यापेक्षा चार-पाच घरांनी किंवा बचत गटाने मिळून जिन्नस आणले तर घाऊक भाव मिळतो आणि कुटाईची पाळीही एकच लागते. लालबागच्या मिरची गल्लीपर्यंत गेलात तरी भाडे वाटून जाते. कुटताना मात्र एकजणीने तिथे उभे राहावे.

येसर: कमी तेलाची, घट्ट आमटी

मराठवाड्याच्या घरांना येसर सांगायला नको, पण नव्या सुनांना माहीत नसेल म्हणून लिहितो. ज्वारी १ वाटी, बाजरी अर्धी वाटी, हरभरा डाळ अर्धी वाटी, धने पाव वाटी, जिरे २ चमचे, मिरे १०, लवंगा ४, दालचिनीचा एक तुकडा, सुक्या मिरच्या ३. सगळे वेगवेगळे तांबूस भाजा आणि बारीक दळा. मीठ नाही. चार वाट्या पाण्याला दोन मोठे चमचे येसर थंड पाण्यात कालवून फोडणीवर ओता आणि उकळा. आमटी दाट होते, खोबरे-शेंगदाण्याचे वाटण आणि तेलाचा तवंग लागत नाही. महिनाअखेरीला भाजी परवडत नाही तेव्हा त्यात मूठभर शेवग्याचा पाला टाका.

चटणी: मीठ कमी, आंबट जास्त

शेंगदाणे १ वाटी, जवस अर्धी वाटी, लसूण १० पाकळ्या, तिखट २ चमचे, जिरे १ चमचा, आमचूर २ चमचे आणि मीठ सपाट अर्धा चमचा. शेंगदाणे आणि जवस वेगळे भाजून सगळे जाडसर कुटा. आंबट, लसूण आणि जिऱ्याने जीभ फसते, मिठाची उणीव जाणवत नाही. जवसाऐवजी कारळे किंवा तीळही चालतात.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्यामुळे घरातल्या बाईच्या ताटातही ही चटणी पडली पाहिजे. वर लिंबू पिळा, लिंबामुळे अन्नातले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, चहाने ते अडते. शेंगदाणा कडू लागला किंवा त्यावर बुरशी दिसली तर चटणीत दडपू नका, फेकून द्या. त्या बुरशीचे विष यकृताला बाधते आणि भाजल्याने पूर्ण जात नाही.

सुक्या मासळीचेही असेच. मढ-मार्वेकडचे वाळवलेले बोंबील बहुतेक मिठाशिवाय उन्हात सुकवलेले असतात, पण खारा बांगडा किंवा खारवलेली मासळी मिठात मुरलेली असते. ती कोमट पाण्यात भिजवून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या आणि कालवणात वरून मीठ घालू नका.

मुलांचा हट्ट: शेजवान आणि केक

मुले गाडीवरची लाल चटणी मागतात. घरी करा. १२ बेडगी मिरच्या बिया काढून गरम पाण्यात भिजवून वाटा. तीन चमचे तेलात १५ पाकळ्या लसूण आणि इंचभर आले बारीक चिरून परता. त्यात वाटण आणि दोन टोमॅटोंचा गर घालून तेल सुटेपर्यंत शिजवा. शेवटी एक चमचा व्हिनेगर, अर्धा चमचा साखर, पाव चमचा मीठ. रंग नको, अजिनोमोटो नको. फ्रिजमध्ये पाच दिवस राहते. फ्रिज नसेल तर त्याच दिवशी संपेल एवढीच करा. तेलातला लसूण बाहेर ठेवून दिवसेंदिवस खाणे धोक्याचे आहे.

वाढदिवसाच्या केकवर वनस्पती तुपाचे क्रीम असते. त्याऐवजी अर्धा किलो दही फडक्यात चार-पाच तास टांगा, निघालेल्या चक्क्यात तीन चमचे पिठीसाखर आणि वेलची फेटा. रव्याच्या साध्या केकवर कापायच्या वेळी लावा आणि त्याच दिवशी संपवा. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या अन्नात मात्र मीठ आणि साखर दोन्ही घालू नका.

भेसळ घरी ओळखा

सुटी मसाला पूड विकायला अन्नसुरक्षेच्या नियमांत परवानगी नाही, ती पाकीटबंदच विकावी लागते. तरी वस्तीत ती सर्रास मिळते. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यावर चमचाभर तिखट टाका. रंगाच्या रेघा खाली उतरू लागल्या तर रंग मिसळलेला आहे. तळाचा गाळ बोटांनी चोळल्यावर खरखरीत लागला तर विटेची पूड किंवा वाळू असू शकते. हळद पाण्यात टाकल्यावर फिकट पिवळी होऊन खाली बसली पाहिजे, पाणी गडद पिवळे झाले तर संशय धरा. हळदीत चमक यावी म्हणून मिसळतात त्या लेड क्रोमेटमध्ये शिसे असते आणि ते मुलांच्या मेंदूला घातक आहे. म्हणून हळकुंड आणून दळलेले बरे. मिरे पाण्यात टाका, पपईच्या बिया वर तरंगतात. भेसळ वाटली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. तो आपला हक्क आहे.

हळूहळू कमी करा

एकदम अळणी जेवण वाढले तर घरात भांडण होईल. राजा प्रसेनजिताची गोष्ट आपण ऐकली आहे. अति खाण्याने तो सुस्त झाला होता. भगवान बुद्धांनी त्याला अन्नाचे माप राखायला सांगितले. राजाने माप टप्प्याटप्प्याने कमी केले आणि त्याचे शरीर हलके झाले. मिठाचेही तसेच करा. सकाळीच दिवसभराचे मीठ एका छोट्या वाटीत काढा, चार माणसांना तीन सपाट चमचे. चौथा चमचा बाहेरच्या खाण्यातून पोटात जातोच. आज याहून जास्त लागत असेल तर दर पंधरवड्याला थोडे उतरत जा. काही आठवड्यांत जीभ सरावते. ताटात वरून मीठ वाढणे मात्र आजच बंद करा. पापड-लोणचे एका जेवणाला एकच.

काहीजण विचारतील, नाक्यावर किंवा बांधकामावर घाम गाळणाऱ्याला मीठ जास्त नको का? रोजच्या जेवणातले पाच ग्रॅम सहसा पुरतात, त्याला गरज असते ती भरपूर पाण्याची. जुलाब-उलट्या झाल्यावर मात्र ओआरएस द्यायलाच हवे, तिथे मिठाची काटकसर नाही. मीठ आयोडीनयुक्तच घ्या, झाकणाच्या डब्यात आणि शेगडीपासून लांब ठेवा. 'कमी सोडियमचे' मीठ मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मीठ कमी केले म्हणून ती स्वतःच्या मनाने थांबवू नका.

या महिन्यात प्रत्येक घराने दोन कामे करावीत. नवी पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर पेनाने तारीख टाका. आणि घरातील तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यात मोजून घ्या. तिथे केसपेपरला आणि रांगेत थोडा वेळ जाईल.