दंडाची साईज आणि बारवरचं वजन

महाराष्ट्राला बॉडीबिल्डिंगचं वेड जुनं आहे. गल्लीतल्या ‘श्री’पासून ‘मुंबई श्री’, ‘महाराष्ट्र श्री’पर्यंत स्पर्धांची रांग लागलेली असते, आणि चाळीतल्या एका खोलीच्या व्यायामशाळांनीही नावाजलेले बॉडीबिल्डर घडवले आहेत. आता याच जिममधली, पाच-सहा वर्षं नेमाने चेस्ट-ट्रायसेप आणि बॅक-बायसेप मारलेली मुलंमुली ताकदीच्या आणि ऑलिम्पिक वेटलिफ्टिंगच्या सरावाकडे वळताना दिसतात. वळताना कुणी त्यांना घाबरवतं, कुणी नको तेवढं चढवतं. दोन्हींच्या मुळाशी बहुतेकदा तेच जुने समज असतात.

“जिममध्ये वजन उचलतो, म्हणजे वेटलिफ्टिंगच करतो की!”

नाही. बॉडीबिल्डिंगमध्ये परीक्षक शरीर बघतात. वजन तिथे साधन आहे. तुमचा बेंच किती किलोचा, हे स्टेजवर कुणी विचारत नाही. पॉवरलिफ्टिंगमध्ये स्क्वाट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट या तिन्हींत एका रेपला जास्तीत जास्त किती जातं ते मोजतात. हा खेळ ऑलिम्पिकमध्ये नाही. पॅरालिम्पिकमध्ये आहे, तोही फक्त बेंच प्रेसपुरता. ऑलिम्पिक वेटलिफ्टिंगमध्ये दोनच प्रकार आहेत. स्नॅचमध्ये बार जमिनीवरून थेट डोक्यावर जातो, क्लीन अँड जर्कमध्ये आधी खांद्यांवर आणि तिथून डोक्यावर. प्रत्येकात तीन प्रयत्न मिळतात आणि दोन्हींतल्या सर्वोत्तम वजनांची बेरीज धरतात. पूर्वी क्लीन अँड प्रेस हा तिसरा प्रकारही होता. खेळाडू पाठ मागे इतकी वाकवू लागले की खरा प्रेस कोणता हे पंचांनाच ठरवता येईना, म्हणून १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकनंतर तो काढून टाकला.

हा फरक आधीच समजून घेतलेला बरा. “मला ताकद वाढवायचीय” म्हणणाऱ्याला नेमकं काय हवंय, यावर पुढचं सगळं वेळापत्रक अवलंबून असतं. डेडलिफ्टचा बार कण्हत-कुथत वर आला तरी चालतो. स्नॅचमध्ये बार संथ झाला की तो गेलाच. त्यामुळे दोनशे किलोचा डेडलिफ्ट मारणारा साठ किलोच्या स्नॅचला चाचपडतो, यात नवल काही नाही.

“बॉडीबिल्डरची बॉडी नुसती दाखवायची, आत ताकद नाही”

हा गैरसमज गावोगाव ऐकू येतो, आणि त्याचा जुळा भाऊही: “एवढा दंड आहे म्हणजे काहीही उचलेल.” दोन्ही चूक. स्नायू जाड झाला की त्याची जोर लावण्याची क्षमता वाढते, हे शरीरशास्त्राने पक्कं सांगितलेलं आहे. पोकळ स्नायू नावाची चीज नसते. पण त्यातला किती स्नायू, किती वेगाने आणि कोणत्या क्रमाने कामाला लावायचा हे मज्जासंस्था ठरवते. तिला ज्याचा सराव, तेच ती करते. नवख्या माणसाची ताकद पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने वाढते ती मुख्यतः याच शिकण्यामुळे. स्नायू तेवढ्यात फारसा वाढलेला नसतो.

एक प्रसिद्ध सामना सांगतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत टॉम प्लॅट्झ आणि फ्रेड हॅटफिल्ड समोरासमोर आले. प्लॅट्झ म्हणजे बॉडीबिल्डिंगच्या इतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या मांड्यांचा मालक. हॅटफिल्ड पॉवरलिफ्टर, टोपणनाव ‘डॉक्टर स्क्वाट’. एका रेपच्या स्क्वाटमध्ये हॅटफिल्डने ८५५ पौंड, म्हणजे सुमारे ३८८ किलो घेऊन बाजी मारली. मग बारवर ५२५ पौंड, म्हणजे सुमारे २३८ किलो लावून जास्तीत जास्त रेप्सचा मुकाबला झाला, आणि तिथे प्लॅट्झने २३ रेप्स मारून हॅटफिल्डला मागे टाकलं. यांतला ताकदवान कोण, या प्रश्नाला अर्थच नाही. ज्याने जे वर्षानुवर्षं घोटलं, ते त्याला आलं.

दोन्ही जग एकमेकांचे वैरी आहेत, ही समजूतही अलीकडची. टॉमी कोनो या अमेरिकी वेटलिफ्टरने १९५२ आणि १९५६ च्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकलं, १९६० मध्ये रौप्य. त्याच काळात तो मिस्टर युनिव्हर्सही झाला, एकदा नव्हे, अनेकदा. विशेष म्हणजे दम्याने बेजार असलेल्या या मुलाला वजनांची गोडी लागली ती दुसऱ्या महायुद्धात, जपानी वंशाच्या अमेरिकनांना डांबलेल्या छावणीत.

तेव्हा जिममध्ये घालवलेली वर्षं वाया गेली असं समजू नका. मांड्या, पाठ, खांदे ही तुमची कमाई आहे. फक्त ती या कामाला कशी लावायची हे अजून शिकायचं आहे, आणि त्यासाठी साडेसोळा इंची दंडाच्या माणसाला पुन्हा नवशिका व्हावं लागतं. माझ्या मते इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं. बाजूची बारीक पोरगी पन्नास किलो सहज डोक्यावर नेते आणि आपल्या हातात रिकामा बार, हे पचत नाही.

“बार हातांनी वर उचलायचा”

सर्वांत चिवट गैरसमज हा, आणि बॉडीबिल्डिंगमधून आलेल्यांना सर्वांत महाग पडतो तोही हाच. स्नॅच जवळून बघा. सुरुवातीला पाय जमिनीला रेटतात आणि बार नडगीलगत वर सरकतो. गुडघ्याच्या वर आला की गुडघे पुन्हा किंचित वाकून बारखाली येतात आणि धड ताठ होतं. मग घोटे, गुडघे, कंबर एकदम सरळ होतात आणि त्या झटक्याने बार वर सुटतो. पण तो डोक्यापर्यंत जात नाही! जड वजन असेल तर जेमतेम छातीच्या खालपर्यंत येतो. उरलेलं अंतर माणूस स्वतः खाली जाऊन भरून काढतो: बार अधांतरी असतानाच पूर्ण बैठकीत उतरतो, हात सरळ लॉक करतो आणि तिथून उठतो. डोळ्याची पापणी दोन-तीनदा लवेपर्यंत बार जमिनीवरून डोक्यावर गेलेला असतो.

यात हातांचं काम विहिरीतल्या पोहऱ्याच्या दोरासारखं. ओढणारा वेगळाच, दोर फक्त ताणलेला. वर्षानुवर्षं कर्ल मारलेल्या माणसाला हे जमत नाही. बार गुडघ्यावर आला की त्याचे कोपर आपोआप वाकतात, आणि पायांतून आलेला जोर तिथेच विरतो. हात आपलं काम करतात ते शेवटी, शरीर बारखाली ओढून घेताना.

पकडही वेगळी. अंगठा बारला लावून त्यावर बोटं दाबायची, याला हुक ग्रिप म्हणतात. पहिले काही आठवडे अंगठा ठणकतो, मग सवय होते. स्ट्रॅपची सवय असलेल्यांनी हे आतापासूनच करावं, कारण स्पर्धेत स्ट्रॅपला परवानगी नाही.

क्लीनमध्ये बार खांद्यांच्या पुढच्या भागावर टेकतो, कोपर पुढे आणि वर, बोटं बारखाली नुसती अडकवलेली. इथे अनेकांची मनगटं दुखतात आणि दोष मनगटाला दिला जातो. बहुधा आखडलेले असतात ते लॅट्स, ट्रायसेप आणि पाठीचा वरचा भाग. खाली बसताना टाचा उचलल्या जात असतील तर घोटे तपासा. भिंतीसमोर एक पाय ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा. पायाचा अंगठा भिंतीपासून दहा-बारा सेंटिमीटरवर असताना हे जमलं तर घोटा मोकळा आहे. नसेल जमत तर रोज थोडं काम करा. उंच टाचेचे लिफ्टिंग शूजही मदत करतात. स्नायू वाढले म्हणून शरीर आखडतं असं मात्र नाही. पूर्ण टप्प्यात व्यायाम केला तर लवचीकता वाढते. आखडतं ते अर्धवट रेप्स मारून.

“घाम निघाला नाही, पंप आला नाही, म्हणजे व्यायाम झाला नाही”

बॉडीबिल्डिंगमध्ये सेट स्नायू थकेपर्यंत नेण्याला अर्थ आहे. स्नॅचमध्ये तोच हिशोब उलटा पडतो. थकलेल्या शरीराचा वेग आणि वेळेचं भान आधी जातं, आणि मग तुम्ही चुकीची हालचाल घोटत राहता. म्हणून इथे सेटला एक ते तीन रेप्स, आणि दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटांची विश्रांती. जड स्क्वाटला त्याहूनही जास्त. बाकावर बसून राहिलेला माणूस बघून जिममधले लोक नाकं मुरडतील, मुरडू द्या. क्रमही बदलतो. वेगाचं आणि कौशल्याचं काम सुरुवातीला, ताज्या अंगाने. त्यानंतर स्क्वाट आणि पुल, आणि रोइंग, पुल-अप, हवा असेल तर कर्लसुद्धा शेवटी.

“साईज उतरेल”

थोडी उतरेल, पण तुम्हाला वाटते तिथे आणि तेवढी नाही. नुसतं वेटलिफ्टिंग केलं तर छाती आणि बायसेप काहीसे कमी होतील, कारण त्यांना इथे फार काम नाही. मांड्या, नितंब, पाठ आणि मानेलगतचे ट्रॅप्स भरतील. शिवाय मिळवलेला स्नायू टिकवायला तो कमावताना लागले तेवढे सेट लागत नाहीत. तरुण माणसाला त्याच्या एक तृतीयांशातही भागतं, वजन तेवढंच जड ठेवलं तर. आठवड्यातून दोनदा शेवटची पंधरा-वीस मिनिटं छाती-दंडाला दिली की पुरे. एक इशारा मात्र आहे: कटिंगच्या डाएटवर असताना हा बदल करू नका. उपाशी शरीर नवं काही शिकत नाही.

बाकीचे समज भराभर निकालात काढू. पूर्ण खाली बसण्याने निरोगी गुडघे झिजतात, याला आधार नाही; वजन झेपेल तेवढं आणि हळूहळू वाढवलेलं हवं, एवढंच. ज्यांचे गुडघे आधीच दुखतात त्यांनी डॉक्टरांना दाखवून मगच सुरुवात करावी. दुखापती होतात, हे खरं. वेटलिफ्टिंगमध्ये सरावाच्या १००० तासांमागे साधारण दोन ते तीन दुखापती नोंदल्या गेल्या आहेत. हे बॉडीबिल्डिंगपेक्षा जास्त आहे, पण फुटबॉल-रग्बीसारख्या धडकाधडकीच्या खेळांपेक्षा कमी. वजन उचलून उंची खुंटते, हेही खोटं. बुटक्या माणसाला बार कमी अंतर न्यावा लागतो, म्हणून हलक्या वजनगटांत बुटके खेळाडू वर येतात. तुर्कस्तानचा नईम सुलेमानोग्लू उंचीने दीड मीटरही नव्हता, आणि १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये ६० किलो गटात त्याने १९० किलोचा जर्क केला. त्याच खेळात जॉर्जियाचा लाशा तालाखाद्झे सहा फुटांहून चांगलाच उंच आहे आणि २०२१ मध्ये त्याने ४९२ किलोंची बेरीज नोंदवली. कमरेचा पट्टा पाठीला आधार देतो असं वाटतं. प्रत्यक्षात तो पोटाच्या भिंतीला रेटायला काहीतरी देतो आणि त्या आतल्या दाबाने कणा स्थिर राहतो. पोट फुगवून श्वास धरता येत नसेल तर पट्टा ही नुसती शोभा.

आणि “बायकांनी जड उचललं तर त्या पुरुषी दिसतात”? मीराबाई चानूने एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंदला ११९ किलोचा क्लीन अँड जर्क करून तेव्हाचा विश्वविक्रम केला. तिचा गट ४९ किलोचा होता. गटात राहायचं तर वजन वाढवता येत नाही, म्हणून तिची सगळी मेहनत आहे त्याच शरीरातून जास्त काम काढून घेण्याची. महिला वेटलिफ्टिंग ऑलिम्पिकमध्ये आलं २००० साली, सिडनीत, आणि त्याच वर्षी कर्णम मल्लेश्वरीने भारताला कांस्य मिळवून दिलं.

वेटलिफ्टिंग म्हणजे ‘नॅचरल’ लोकांचा खेळ, असाही एक भाबडा समज बॉडीबिल्डिंगवाल्यांत आहे. २००८ आणि २०१२ च्या ऑलिम्पिकमधले नमुने नंतर पुन्हा तपासले तेव्हा या खेळातली कितीतरी पदकं काढून घ्यावी लागली. स्पर्धेत उतरायचा विचार असेल तर जिममधल्या कुणी हातात ठेवलेला डबा उघडण्याआधी एवढं लक्षात ठेवा, की उत्तेजक चाचणीत “मला माहीत नव्हतं” हे सहसा चालत नाही.

राहिली जागा. नेहमीच्या जिममध्ये दोन अडचणी येतात. टाईल्सवर बार टाकता येत नाही, आणि लहान लोखंडी प्लेट्स लावल्या की बार जमिनीच्या जास्तच जवळ येतो. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, म्हणजे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर. लहान प्लेट असेल तर खाली लाकडी ठोकळे ठेवून ती उंची साधा, नाहीतर पाठ गोल करूनच सुरुवात होते. बार पुरुषांचा २० किलोचा, महिलांचा १५ किलोचा. पण सुरुवात काठीने करायला लाजू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शिकवणारा. तो चकचकीत जिममध्येच मिळेल असं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडसारख्या छोट्या गावाने २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी असे तीन कांस्यपदक विजेते दिले. सांगली आणि मनमाडमध्येही या खेळाची मुळं खोलवर गेली आहेत. आपल्या जिल्ह्याच्या वेटलिफ्टिंग संघटनेत चौकशी करा, आठवड्यातून एक दिवस का होईना पण जाणत्या डोळ्यांसमोर सराव करा. पहिले तीन महिने दंडाचं माप घेऊ नका आणि बारवरचे किलोही मोजू नका. मोबाईल बाजूने, कमरेच्या उंचीवर ठेवून प्रत्येक सेटचा व्हिडिओ काढा आणि तो शिकवणाऱ्याला दाखवा.